एका केबलवर चार टीव्ही: वाटणी कुठं करायची आणि हिशेब कसा मांडायचा

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी. बेळगावच्या शहापुरातलं, गल्लीतलं जुनं लांबट घर. पुढं सोपा, मग मधलं घर, मागं स्वयंपाकघर आणि परसू, वर माडी. केबलची एकच वायर खांबावरून सोप्यात येते, तिथं मामंजींचा टीव्ही. सोप्यातल्या स्प्लिटरवरून, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणाऱ्या डबीवरून, वायर मधल्या घरात जाते, तिथं तुमचा टीव्ही. तिथल्या स्प्लिटरवरून पुढं माडीवर, थोरल्या दिरांकडं. आता धाकट्या दिरांचं लग्न झालंय, मागच्या खोलीत चौथा टीव्ही हवाय. प्रत्येकाला वेगळा सेट टॉप बॉक्स आहे. सोप्यात सगळं स्वच्छ दिसतं, माडीवर मात्र काही ठरावीक चॅनेल फुटतात. दुकानदारानं बूस्टर घ्या म्हणून सांगितलंय. शिवाय गच्चीवर फ्री डिशची जुनी छत्री पडून आहे, ती याच वायरीत जोडता येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. बूस्टर आत्ता घेऊ नका. सोप्यात एकच चार तोंडांचा स्प्लिटर बसवा आणि तिथून चारही टीव्हींना स्वतंत्र, मधे कुठंही न तोडलेली आरजी-६ (कमी गळतीची, जाड जातीची) केबल वायर न्या. मधल्या घरातला स्प्लिटर काढून टाका. सगळे कनेक्टर नवे घाला. छत्री या वायरीत घालायची नाही, तिचं वेगळं बघू. एवढ्यावर बहुतेक घरांचं दुखणं मिटतं.

आता कारण. सिग्नलची वाटणी शेताच्या वाटणीसारखी असते. दोघा भावांत शेत वाटलं तर निम्मं-निम्मं यायला पाहिजे, पण मधे बांध पडतो आणि बांधाखालची जमीन कुणाच्याच वाट्याला येत नाही. दोन तोंडांच्या स्प्लिटरमधे निम्म्या वाटणीचे ३ डीबी (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं माप) जातात आणि बांधाचे अर्धा ते एक. म्हणून प्रत्येक तोंडाला साडेतीन ते चार डीबी कमी मिळतं. चार तोंडांच्या स्प्लिटरमधे सात-साडेसात, आठ तोंडांच्यात अकराच्या आसपास. तीन तोंडांचा घेतलात तर त्यावरचे आकडे वाचून घ्या. पुष्कळदा एका तोंडावर ३.५ आणि उरलेल्या दोन्हींवर ७ लिहिलेलं असतं, कारण आत दोन तोंडांचेच दोन जोडलेले असतात. त्यातलं ३.५ चं तोंड सगळ्यांत लांबच्या टीव्हीला द्यायचं. हे न बघता वायरी कशाही कोंबलेल्या असतात.

डीबीचा हिशेब बेरीज-वजाबाकीचा आहे, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. ३ डीबी गेले की ताकद निम्मी, १० गेले की दहावा हिस्सा. आमच्या मीटरवर बॉक्सपाशी ५० ते ६५ डीबी मायक्रोव्होल्ट दिसले की आम्ही निर्धास्त असतो. ४७ च्या खाली गेलं की बॉक्स कुरकुरायला लागतो. मी स्वतः शेवटच्या बॉक्सला ५० च्या खाली जाऊ देत नाही. पावसाळ्यात दोन-तीन डीबी कुठं ना कुठं गळतातच, तेवढी शिल्लक हाताशी हवी.

तुमच्या घराचा हिशेब मांडून बघू. समजा सोप्यात येणाऱ्या वायरीवर वरच्या फ्रिक्वेन्सीला मीटर ६२ दाखवतो. पहिला स्प्लिटर, चार गेले. मधल्या घरातला दुसरा, आणखी चार. सोप्यापासून माडीपर्यंत वळणं घेत २५ मीटर वायर धरली आणि ती जुनी, बारकी आरजी-५९ असली, तर ७५० मेगाहर्ट्झला तिच्यात जवळपास सहा जातात. पिळून बसवलेले जुने कनेक्टर आणि टेप गुंडाळलेले सांधे मिळून दोन धरा. झाले सोळा. माडीवर उरले ४६. सोळा डीबी गेले म्हणजे आत आलेल्या सिग्नलचा चाळिसावा हिस्सा उरला. यात मधेच तिसरा स्प्लिटर घालून मागच्या खोलीला वायर दिलीत तर माडीवर ४२ उरतील, आणि दिरांचा टीव्ही कायमचा बसला म्हणून समजा.

आता दुसरी मांडणी. सोप्यात चार तोंडांचा स्प्लिटर, साडेसात गेले. तिथून माडीवर थेट आरजी-६. मधल्या घराचा वळसा वाचल्यामुळं वायर २० मीटर, तिच्यात चारच्या आत. नीट बसवलेल्या दोन कनेक्टरांचा अर्धा. बारा गेले, ५० उरले. चौथा टीव्ही वाढला आणि तरीही माडीवर आधीपेक्षा चार डीबी जास्त मिळाले, तेही बूस्टरशिवाय. सोप्यातल्या टीव्हीला पूर्वी ५८ मिळत होते, आता साडेचोपन्न मिळतील. मामंजींना फरक कळणारसुद्धा नाही. साखळीनं वाटणी केली की पहिल्याचं पोट भरून उरतं आणि शेवटचा उपाशी राहतो. एकाच जागी वाटलं की सगळ्यांना पुरतं.

ठरावीक चॅनेलच का फुटतात, हा तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. दुकानदारानं हे विचारायला पाहिजे होतं. वायरीतली गळती सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी नसते. आरजी-६ च्या ३० मीटरमधे १०० मेगाहर्ट्झच्या आसपास दोन डीबी जातात, ७५० ला साडेपाचच्या पुढं आणि १००० ला साडेसहा. डिजिटल केबलमधे चॅनेल गठ्ठ्यानं येतात. ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात डझन-दीड डझन साधे चॅनेल भरलेले असतात. वरच्या पट्ट्यातला गठ्ठा आधी मार खातो आणि त्यातले सगळे चॅनेल एकदम फुटतात. त्यामुळं जाऊबाईंच्या मराठी मालिका अडकत असतील आणि कन्नड बातम्या झकास दिसत असतील, तर त्यात सीमाभागाचं राजकारण काही नाही. मालिकांचा गठ्ठा वरच्या फ्रिक्वेन्सीवर आहे, एवढंच. उलटं असतं तर बातम्या फुटल्या असत्या. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं. फुटणारा चॅनेल लावून तिथली फ्रिक्वेन्सी, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी कागदावर उतरवा, मग चांगल्या चॅनेलचं उतरवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत की निदान निम्मं झालं.

पूर्वी, ॲनालॉगच्या काळात, सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या. चित्र अंधुक व्हायचं, पण दिसायचं, आणि माणसं तसंच बघत बसायची. केबल डिजिटल करण्याची सरकारी मुदत बेळगावसारख्या शहरांना मूळची ३१ डिसेंबर २०१५ ची आणि खेड्यांना शेवटी ३१ मार्च २०१७ ची होती. त्यानंतर बॉक्स आले, भिंतीतल्या वायरी मात्र मुंग्यांच्या काळातल्याच राहिल्या. डिजिटलमधे अंधुक असा प्रकारच नाही. पुरेसा सिग्नल आहे तोवर चित्र काचेसारखं, आणि एकदा कडेला आलं की चौकोन, खडखड, मग काळा पडदा. त्यामुळं ‘कालपर्यंत चालू होतं, आज अचानक बंद पडलं’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा अचानक काही झालेलं नसतं. वायर महिनोन् महिने कडेवर उभी असते, एक कनेक्टर गंजला की पलीकडं पडते.

आता वस्तू. स्प्लिटर घेताना दोन गोष्टी बघा. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असावं, आणि मागची पत्र्याची प्लेट डाख देऊन बंद केलेली असावी. नुसती दाबून किंवा डिंकानं चिकटवलेली प्लेट दोन पावसाळ्यांत सुटते आणि बाहेरचा कचरा आत येतो. कचरा म्हणजे मोबाईलचे सिग्नल. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मोबाईल चालतात आणि केबलचे वरचे गठ्ठे नेमके त्याच भागात असतात. वायरीच्या आवरणाखालची तारांची जाळी विरळ असली, कनेक्टर ढिला असला, की शेजारच्या गच्चीवरचा टॉवर तुमच्या टीव्हीत शिरतो. स्प्लिटरचं ‘इन’ आणि ‘आउट’ उलटं लावलेलंही मी बघतो. तसं लावलं तरी कुठं तरी चित्र दिसतं, म्हणून महिनेच्या महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

एखादं तोंड रिकामं राहणार असेल तर त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणारी टोपी, फिरवून बसवा. एक तोंड उघडं राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण टोपी स्वस्त आहे आणि त्या तोंडातून ओल, गंजही आत जात नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे स्प्लिटरला जोडलेली आणि पलीकडच्या टोकाला मोकळी लोंबणारी लांब वायर. ती अँटेनाचं काम करते. जोडायची नसेल तर स्प्लिटरपासूनच काढा.

वायरीबद्दल. आरजी-६ घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. खडेबाजारात ‘डिश वायर’ म्हणून मागितलीत तर जी हाताशी असेल ती मिळते. टोक उघडून जाळी बघा. फॉइल दिसण्याइतकी विरळ असेल तर तो पैसा वाया. मधल्या तारेला, म्हणजे कोअरला, लोहचुंबक लावलं आणि चिकटलं तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा आहे. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतो, केबल टीव्हीला तो मुलामा पुरतो. छत्रीसाठी मात्र शुद्ध तांबं बरं, कारण तिथं त्याच तारेतून एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या पुढ्यातल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज जाते.

जुन्या घरात वायर न्यायची वाट हा निम्मा कारभार असतो. कौलाखालून, आढ्याच्या कडेनं नेली की उंदीर आणि खारी कुरतडतात. भिंतीच्या कडेनं पीव्हीसीच्या पट्टीतून न्या. दिसायलाही नीट दिसतं, आणि उद्या बदलायची झाली तर पोपडे काढावे लागत नाहीत. लाइटच्या वायरीच्या पाइपात घालू नका. अर्धा फूट अंतर ठेवा, आणि जिथं ओलांडायचं तिथं काटकोनात ओलांडा. कोपऱ्यात वायर मोडायची नाही, वळवायची. वळण हाताच्या पंजाएवढं रुंद राहू दे. खिळे ठोकून चपटी केलेली वायर बाहेरून धड दिसते, आत कोअरभोवतीचा फोम दबलेला असतो आणि त्या जागी सिग्नल मागं फिरतो.

आता कनेक्टर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा स्प्लिटरमधे नसतं, या अर्ध्या इंचात असतं. पिळून बसवायचे एफ कनेक्टर दुकानात पसाभर मिळतात. ते घरातल्या कोरड्या जागी वर्षभर चालतात, मग ढिले होतात. दाबून बसणारे कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. त्यांचं हत्यार वेगळं येतं, ज्याच्याकडं ते असेल अशाच माणसाला बोलवा. त्याचं काम असं दिसलं पाहिजे: वायरीचं टोक सरळ आणि गोल कापलेलं. टोकापासून साधारण १५ मिलिमीटरवर वरचं काळं आवरण फिरवून कापलेलं, पण पातं जाळीला न लागता. मग जाळीचे सगळे केस मागं, काळ्या आवरणावर, चहूबाजूंनी सारखे दुमडलेले. आतला फॉइलचा पहिला थर फोमला चिकटलेलाच राहतो, तो सोलायचा नाही. मग टोकापासून आठ-नऊ मिलिमीटर फोम फॉइलसकट काढला की कोअर उघडी पडते. इथं पातं जोरात फिरवलं तर कोअरला खाच पडते, आणि दोन महिन्यांनी बॉक्स सरकवताना ती तिथंच तुटते. कोअरवर फोमचा पातळ पापुद्रा राहतो, तो नखानं काढायचा, ब्लेडनं खरवडायचा नाही.

मग कनेक्टर पुढं दाबत न्यायचा. आत डोकावून बघितलं की पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी सपाट टेकलेला दिसला पाहिजे. मागंही नाही, वर आलेलाही नाही. कोअर कनेक्टरच्या कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. कमी पडली तर आत नीट टेकत नाही, जास्त झाली तर स्प्लिटरच्या आतली पकड फाकवते. शेवटी उजेडात धरून बघायचं. जाळीचा एक केस जरी कोअरला टेकला तरी सगळं शॉर्ट, आणि तो केस माणसाच्या केसाइतकाच बारीक असतो. स्प्लिटरवर हातानं घट्ट करा, मग ११ च्या पान्यानं जरासंच फिरवा. पैलवानकी केलीत तर स्प्लिटरचा आटा जातो.

आणि तो आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, दोन कोअर एकमेकींना पिळायच्या, दोन जाळ्या पिळायच्या आणि वर काळी टेप, तो घरात एकाही जागी राहू देऊ नका. वायर अपुरी पडली तर लांब वायर आणा. अगदीच अडलं तर दोन्ही टोकांना कनेक्टर आणि मधे जॉइंटर. काही बॉक्सना मागं आट्याऐवजी दाबून बसवायची साधी पिन लागते. तिथंही पिनेच्या आत कोअर नुसती वाकवून घातलेली असते, ती आधी तपासा.

आपल्याकडच्या पावसाबद्दल वेगळं बोलायला पाहिजे. बेळगाव शहरातच चार महिने भिंती वाळत नाहीत, आणि खानापूरपलीकडं जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका. त्या बाजूच्या घरांत मी उघड्यावर एकही सांधा ठेवत नाही. पाणी कनेक्टरच्या मागून शिरतं, जाळीच्या केसांतून वायरीच्या आत चढत जातं, आणि मग पाच-सहा फूट वायर काळी पडलेली निघते. नुसता कनेक्टर बदलून उपयोग नाही, चकचकीत जाळी लागेपर्यंत वायर कापत जायची. खांबावरून येणारी वायर घरात शिरण्याआधी भोकाच्या खाली वीतभर झोळ सोडा. थेंब झोळाच्या तळाशी गळतात, वायरीवरून सरळ आत येत नाहीत. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाडा. बाहेर कनेक्टर ठेवावाच लागला तर त्याचं तोंड खाली असू दे आणि वर रबरासारखी ताणून एकजीव होणारी टेप गुंडाळा. साधी काळी टेप मे महिन्याच्या उन्हात चिकटपणा सोडते आणि जूनमधे पाणी धरून ठेवते. हे सगळं मृग लागायच्या आत करून घ्या. एकदा झड बसली की शिडी लावायला कुणी येत नाही, आणि यावंही नाही.

बूस्टर का नको म्हणालो ते आता. बूस्टर सिग्नल वाढवतो आणि सिग्नलबरोबर आलेला गोंधळही तेवढाच वाढवतो. माडीवर पोचेपर्यंत खराब झालेला सिग्नल तिथं बूस्टर लावून सुधारत नाही, मोठ्या आवाजात खराब होतो. लावायचाच झाला तर जिथं सिग्नल चांगला आहे तिथं, म्हणजे सोप्यात, स्प्लिटरच्या आधी. आणि जितकं वाटणीत आणि वायरीत जाणार तितकंच वाढवायचं, दहा-बारा डीबी. बाजारात ३० डीबीचे घेऊन येतात आणि बटण शेवटपर्यंत फिरवतात. सिग्नल ८० च्या पुढं गेला की बॉक्स गुदमरतो आणि चित्र पुन्हा फुटतं. मग माणूस म्हणतो बूस्टर कमी पडला. दुसरी गोष्ट, घरात इन्व्हर्टर असेल तर बूस्टर त्याच्याच लाइनवर हवा. नाहीतर लाइट गेली की चारही टीव्ही चालू आणि चौघांवरही ‘नो सिग्नल’.

बूस्टरच्या आधी एक फुकटचा उपाय आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. खांबावर केबलवाल्याचा टॅप असतो. टॅप स्प्लिटरसारखा सारखी वाटणी करत नाही. मुख्य लाइन पुढं जाऊ देतो आणि प्रत्येक घराला ठरलेला थोडा हिस्सा काढून देतो. त्यावर ११, १४, १७, २० असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं घराला कमी. लाइनच्या सुरुवातीला मोठे आकडे लावतात आणि शेवटाकडं लहान. केबलवाल्यानं १७ च्या जागी १४ चा टॅप बसवला की तुमच्या घराला ३ डीबी जास्त मिळाले, म्हणजे दुप्पट ताकद. त्याला ते जमेल की नाही हे गल्लीतल्या बाकीच्या घरांवर अवलंबून आहे, पण विचारायला काय हरकत आहे? चार बॉक्सचं भाडं तुम्ही भरताय. खांबावर स्वतः कुणी चढायचं नाही. तो टॅप त्याचा, आणि मुख्य लाइनमधून पुष्कळ ठिकाणी ॲम्प्लिफायरसाठी वीजही सोडलेली असते.

छत्रीचं. केबलचा सिग्नल फार तर १००० मेगाहर्ट्झपर्यंत असतो, छत्रीचा एलएनबी ९५० ते २१५० वर बोलतो. केबलच्या स्प्लिटरमधून तो धड जातच नाही. शिवाय छत्रीचा बॉक्स वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. त्यावरून उभ्या ध्रुवणाचे (म्हणजे उभ्या हलणाऱ्या लहरींवरचे) चॅनेल द्यायचे की आडव्या, हे एलएनबी ठरवतो. ती वीज केबलच्या लाइनमधे सोडलीत तर केबलवाल्याचं सामान तरी जळेल नाहीतर तुमचा बॉक्स तरी. आता एका छत्रीवर दोन बॉक्स चालवायचे असतील तर? एकानं १३ मागितले आणि दुसऱ्यानं १८, तर एलएनबी दोघांचं ऐकू शकत नाही. दोन्ही बॉक्सचे चॅनेल एकाच ध्रुवणावर आणि एकाच पट्ट्यात असले तर २४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, वीज जाऊ देणारा स्प्लिटर लावून काम भागतं. खात्रीचा मार्ग एकच, दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला गच्चीवरून वेगळी वायर.

तुमची छत्री पडून आहे म्हणता, तर ती एखाद्या टीव्हीला वेगळी जोडून द्या. एकदा बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही, सह्याद्रीही येतो आणि चंदनाही. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. बेळगावातून बघाल तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर. त्या दिशेला शेजाऱ्याचा नवा मजला किंवा फणस आडवा आला नसेल तर छत्री पुन्हा लागेल. टीव्हीला एचडीएमआयच्या दोन जागा असतील तर केबलचा बॉक्स एकीत, छत्रीचा दुसरीत, आणि रिमोटनं बदलायचं. एकत्र येण्याची जागा ती. वायरीत नाही.

एक धोक्याची गोष्ट. माडीचं मीटर वेगळं आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. बॉक्स आणि टीव्ही दोन पिनांवर चालतात आणि त्यांच्या धातूच्या भागावर थोडी वीज झिरपलेली असते. बॉक्सच्या मागं हात लावला की झिणझिण्या येतात, ते हेच. चार टीव्ही वेगवेगळ्या फेजवर, वेगवेगळ्या मीटरवर असले आणि केबलची जाळी सगळ्यांना एकत्र बांधत असली की ती गळती जाळीतून फिरते. कनेक्टरजवळ ठिणगी दिसली किंवा हाताला जोरात झटका बसला, तर तिथंच थांबा आणि वायरमनकडून आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेची वायर पुष्कळदा भिंतीत गेल्यावर कुठंच पोचलेली नसते. कनेक्टर काढ-घाल करताना सगळ्या बॉक्सचे प्लग भिंतीतून काढलेले असू देत. एप्रिल-मेमधे वळीव गडगडायला लागला की लाइटचा प्लगही काढा आणि केबलची पिनही. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात, आणि वीज केबलवरून येते.

काम करायच्या दिवशी हा क्रम ठेवा. आधी माडीवरचा बॉक्स खाली सोप्यात आणा, खांबावरून आलेली वायर स्प्लिटरमधून काढून थेट त्याला जोडा. फुटणारे चॅनेल इथंही फुटत असतील तर दोष निव्वळ घरातल्या वायरीचा नाही, तो बाहेरच्या लाइनमधे किंवा त्या बॉक्समधे आहे. केबलवाल्याला बोलवा, त्याला मीटर घेऊन यायला सांगा आणि आकडा तुमच्यासमोर वाचायला लावा. इथं स्वच्छ दिसत असेल तर दोष तुमच्या घरात. मग नवा स्प्लिटर बसवा, एक वायर जोडा, तो टीव्ही बघा, मग दुसरी. चारही एकदम जोडून मग शोधत बसू नका. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा, ‘माडी’, ‘मागची खोली’. स्प्लिटर लाकडी पाटीवर स्क्रूनं बसवा, हाताला येईल अशा उंचीवर. पीओपीच्या वर लपवू नका.

पट्ट्या ठोकायला भिंत उघडताच आहात तर शेजारून नेटवर्कची कॅट-६ वायरही टाकून घ्या. आपल्याकडं बरेच केबलवाले आता फायबर घरात आणतात. काहींच्या डब्यावर इंटरनेटबरोबर केबलचंही तोंड असतं. तसा डबा आला तर तो सोप्यातच बसवा आणि त्याचं तोंड याच स्प्लिटरला जोडा, पुढची वायरिंग तशीच चालेल. आणि मधल्या घरातली ती जुनी आरजी-५९ ओढून काढता आली तर काढा. भिंतीत अडकली असेल तर दोन्ही टोकं भिंतीलगत कापून वर पुट्टी लावून टाका. टोक बाहेर दिसलं की पुढं येणारा एखादा वायरमन ती चालू वायर समजून पुन्हा जोडतो.